कानात खाज सुटते म्हणून बाबा ऐकायचं मशीन काढून ठेवतात. आता कुठलं घ्यावं?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूरचे. बाबांची सगळी नोकरी वडगावात मागावर गेली, आता वय 71. पूर्ण बहिरे नाहीत. दारात गाडी थांबली की आमच्या आधी त्यांना कळतं, पण नात बोलायला लागली की नुसते हसून मान हलवतात. "आवाज येतो गं, शब्द कळत नाहीत," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

गेल्या वर्षी बेळगावात एका दुकानातून कानाच्या अगदी आत बसणारं मशीन घेतलं. बाहेरून दिसत नाही म्हणून बाबाही खूश होते. पण थोड्याच दिवसांत खाज वाढली. "वाढली" म्हणते, कारण खाज त्यांना आधीपासून होतीच. आता मशीन काढून काडी, किल्ली, पेनाचं टोपण, हाताला लागेल ते कानात घालतात. दुकानदार म्हणतो सवय होईल. मशीन कपाटात पडून आहे.

मुद्द्याचं विचारते : खाजऱ्या कानाला कुठलं मशीन चालतं? कानामागचं घ्यावं का? सिलिकॉनचं चांगलं की टायटॅनियमचं? ऑनलाइन जाहिरातीत "अ‍ॅलर्जी होत नाही" असं लिहिलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवावा का? पैसे एकदाच घालायचे आहेत.

अनगोळ_नाका

कानात तेल घालतात काय ओ बाबा?

मलप्रभाकाठ

होय की. दर रविवारी. लसूण तळून कोमट केलेलं खोबरेल. आईच घालते, आणि ते बंद करा म्हणायची कुणाची टाप नाही.

अनगोळ_नाका

मग मशीन बिचारं काय करणार! आमच्या मामांचं असंच झालं होतं. आत बुरशी, वर मशीनचं झाकण. दोन महिने मशीनला शिव्या घालूलाले होते.

ऐकणारी_ताई

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून मशीन बसवून देणारी. सीमाभागातच काम करते. इथे कुणाचा कान तपासता येत नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजून वाचा.

मलप्रभाकाठ, तुम्ही विचारलंत मशीन कुठलं. मी उलट विचारते, खाज कशाची? आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना कान दाखवा, मगच पैसे काढा. खाजेची कारणं वेगवेगळी, आणि प्रत्येकाला मशीन वेगळं लागतं.

आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसते ती बुरशी. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात पावसाळाभर हवा ओली. त्यात कानात तेल, त्यात काडी. कातडीला बारीक ओरखडे पडतात आणि बुरशीला घर मिळतं. दुर्बिणीतून पाहिलं तर ओल्या टीपकागदासारखा लगदा आणि त्यावर काळे ठिपके दिसतात. डॉक्टर तो सक्शनने साफ करतात आणि बुरशीविरोधी थेंब देतात. घरात पडलेली जुनी बाटली मात्र काढू नका. नुसतं स्टेरॉइड असलेल्या थेंबांनी बुरशी वाढू शकते. पडद्याला भोक असेल तर काही अँटिबायोटिक थेंब आतल्या कानाला घातक ठरतात, म्हणजे उरलंसुरलं ऐकणंही जायचं.

दुसरं कारण म्हणजे कातडीचाच आजार. इसब, सोरायसिस, डोक्यात होतो तो सेबोरिक कोंडा. यात भुवया, कानामागची घडी, टाळू इथेही खवले दिसतात. तिसरं, कान नको तितका साफ करणं. मळ हा कानाचा शत्रू नाही. त्याने कातडी मऊ राहते आणि पाणी आत मुरत नाही. रोज बड फिरवणाऱ्यांचा कान कोरडा पडतो, कोरडा पडला की खाजतो, खाजला की पुन्हा बड. आणि चौथं, मशीनच्या प्लास्टिकची खरी अ‍ॅलर्जी. लोकांना वाटतं तितकी ती सर्रास नसते, पण असते.

घरी एक गोष्ट पाहता येईल. मशीन एकाच कानात घालत होते की दोन्ही? ज्या कानात कधी मशीन गेलं नाही तोही खाजतो का? तोही खाजत असेल तर दोष मशीनचा नाही. उलट जिथे प्लास्टिक टेकतं तेवढ्याच जागी लाली, खाज किंवा पाणी सुटत असेल, आणि मशीन आठवडाभर बाजूला ठेवल्यावर ते बसत असेल, तर प्लास्टिकवर संशय घ्यायला जागा आहे.

मलप्रभाकाठ

मशीन उजव्याच कानात आहे. आणि ताई, तुमचं वाचून बाबांना विचारलं, तर डावाही खाजतो म्हणाले! आजवर आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा कागद, सापडला. 500 हर्ट्झला 25 डेसिबल, 1000 ला 35, 2000 ला 55, 4000 ला 70. दोन्ही कान साधारण सारखेच. बाबांना शुगरही आहे, गोळ्या चालू आहेत.

ऐकणारी_ताई

हे आकडे आधी द्यायला हवे होते बघा.

डेसिबलचा आकडा जितका मोठा, तितकं ऐकणं कमी. खालचे म्हणजे जाड आवाज बाबांना जवळजवळ नीट ऐकू येतात, म्हणून गाडी कळते. वरचे बारीक आवाज गेलेत. स, श, त, थ, फ, च ही अक्षरं त्या वरच्या पट्टीत असतात, आणि लहान मुलीचा आवाज तर मुळातच बारीक. वर्षानुवर्षं मागाच्या खडखडाटात काढलेल्या माणसाच्या कानाचं चित्र बहुतेक वेळा असंच दिसतं.

अशा कानात आत जाऊन सगळी वाट बंद करणारं मशीन बसवलं की दोन त्रास होतात. चांगले ऐकू येणारे जाड आवाज नैसर्गिक वाटेने यायचे थांबतात आणि स्वतःचा आवाज, चावण्याचा आवाज डोक्यात घुमतो. शिवाय हवा कोंडते, घाम आणि ओल आत राहते. बाबांना निव्वळ ऐकण्याच्या दृष्टीनेही ते मशीन बरोबर नव्हतं. खाज हा त्यावरचा बोजा.

यांच्यासाठी मी बघेन ते कानामागचं आरआयसी. मुख्य मशीन कानामागे, त्यातून केसाइतकी बारीक तार आणि टोकाला छोटा स्पीकर. त्यावर सिलिकॉनची लहान टोपी असते, तिला डोम म्हणतात. डोम उघडा म्हणजे भोकंवाला घ्यायचा. कान बराचसा मोकळा राहतो, हवा खेळते आणि कातडीला टेकतं ते फार थोडं. 500 ला 25 असल्यामुळे उघडा डोम चालण्याची शक्यता चांगली आहे. हेच 500 ला 60 असतं तर उघडा डोम चालला नसता. जोर कमी पडला असता आणि आवाज बाहेर गळून शिट्टी वाजली असती. तेव्हा दुसऱ्या कुणी हे वाचून "उघडा डोमच पाहिजे" म्हणून दुकानात हटून बसू नका.

शुगरचं वेगळं सांगते. मधुमेही माणसाच्या कानातली जखम हलक्यात घेऊ नका. खाज परवडली, पण कान रात्री झोपू देणार नाही इतका ठणकला, पाणी यायला लागलं किंवा तोंड एका बाजूला ओढल्यासारखं वाटलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. हाडापर्यंत जाणारा जंतुसंसर्ग अशा कानात होतो. आजपासून काडी आणि किल्ली बंद.

उद्यमबाग_रिटायर्ड

मी फाउंड्रीतला, माझे कानही कामावरच गेले. माझी गोष्ट वेगळी आहे, म्हणून लिहितो.

माझं ऐकणं जास्त गेलेलं, त्यामुळे उघडा डोम नाही. कानाच्या मापाचा कडक अ‍ॅक्रिलिकचा मोल्ड, म्हणजे कानात बसणारा साचा, आणि मागे मशीन. लावल्यावर काही दिवसांनी जिथे जिथे मोल्ड टेकायचा तिथे लाल आणि ओलं. ईएनटी म्हणाले बुरशी नाही. मग कातडीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. पाठीवर औषधांच्या पट्ट्या लावतात, 48 तासांनी काढून बघतात, मग पुन्हा एकदा बघतात. त्यात दोन गोष्टी निघाल्या. एक, अ‍ॅक्रिलिकमधलं मिथाइल मेथाक्रिलेट. आणि दुसरी आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही नव्हती ती, केसांचा काळा डाय! रंग लावला की तो कानामागे ओघळायचा आणि वर तिथेच मशीन बसायचं. काळी मेंदी म्हणून विकतात त्यातही बऱ्याचदा तेच रसायन असतं म्हणे.

डाय सोडला. आता पांढऱ्या केसांचा आहे, बायको म्हणते शोभतंय. मोल्ड सिलिकॉनचा करून घेतला, लाली गेली. पण सिलिकॉन म्हणजे सुखच सुख असं समजू नका. मऊ असल्यामुळे कातडीला धरतो, घालताना सरकत नाही. माझी बोटं आखडलेली, सुरुवातीला फार वैताग यायचा. शिवाय घट्ट बसतो म्हणून घाम येतोच.

ऐकणारी_ताई

काकांनी लाखाची गोष्ट सांगितली. अ‍ॅक्रिलिकमध्ये त्रास देतो तो बहुधा पूर्ण न मुरलेला, शिल्लक राहिलेला कच्चा माल. म्हणून प्रयोगशाळेत नीट पक्का केलेला अ‍ॅक्रिलिक काहींना सोसतो. सिलिकॉनची अ‍ॅलर्जी क्वचित. टायटॅनियमची कवचंही मिळतात आणि ती बहुतेक कातडीला चालतात, पण ती मुख्यतः आत बसणाऱ्या मशीनसाठी असतात. म्हणजे कातडीला सोसतं, पण कान पुन्हा बंदच. पूर्वी काही ठिकाणी मोल्डवर सोन्याचा मुलामासुद्धा देत.

जाहिरातीतल्या "अ‍ॅलर्जी होत नाही" या शब्दांवर पैसे लावू नका. कुणाच्या कातडीला काय चालेल हे कंपनीला कळत नाही, पट्ट्यांच्या तपासणीत कळतं.

अनगोळ_नाका

सोन्याचा मुलामा! बायकोला सांगू नका, मला ऐकू येत नाही म्हणून सराफाकडे घेऊन जाईल.

निपाणकर_73

सगळं ठीक, पण इतकं महागाचं कशाला? आमच्या वडिलांनी खिशातलं डबीवालं मशीन वर्षानुवर्षं वापरलं. वायर, कानात बटण, संपलं. तंबाखूच्या वखारीत काम, धूळ केवढी, तरी चाललं. आजकाल डॉक्टर आणि दुकानदार मिळून लोकांना लाखात नेतात.

ऐकणारी_ताई

निपाणकर, डबीवालं मशीन वाईट नाही. ज्यांचं ऐकणं खूप गेलंय किंवा ज्यांना बारीक बटणं जमत नाहीत, त्यांना आजही ते सोयीचं पडतं. पण त्यालाही कानात मोल्ड लागतोच, म्हणजे खाजेचा प्रश्न तिथेच राहतो. आणि खिशात कापड घासल्याचा आवाज येतो तो वेगळा.

पैशांबद्दल मात्र तुमचं निम्मं बरोबर आहे. महाग मशीनमध्ये जास्त चॅनेल, गोंगाट कमी करणं, मोबाइलशी जोडणं असलं काही मिळतं. कातडीला ते कशाचाच उपयोग नाही. खाज कमी करणारी गोष्ट म्हणजे डोम किंवा मोल्ड, आणि त्याची किंमत मशीनच्या मानाने किरकोळ. मोल्ड बदलून घेण्याआधी कुणी नवं मशीन घ्यायला लावत असेल तर उठून या. मशीन देणारा माणूस भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला ऑडिओलॉजिस्ट आहे का, हेही विचारा. विचारायला लाजू नका, त्यांचं सर्टिफिकेट भिंतीवर असतं.

चिकोडी_मास्तर

एक वेगळा मुद्दा. आमच्या आईची तपासणी झाली तेव्हा शिट्ट्यांची परीक्षा ठीक झाली, पण नंतर शब्द ऐकवून ते परत म्हणायला लावतात, ते शब्द कन्नडमधले होते. आई बाजारापुरतं कन्नड बोलते. तिचे निम्मे शब्द चुकले आणि शेरा आला "शब्द समजण्याची क्षमता कमी". आम्ही घाबरलो. पुन्हा मराठी शब्दांवर घेतली तेव्हा आकडा बराच वर गेला. सीमाभागातल्या लोकांनी हे आधीच सांगावं. तपासणारे बिचारे विचारत नाहीत, कारण सगळ्यांना दोन्ही भाषा येतात असं इथे गृहीत धरतात.

ऐकणारी_ताई

मास्तर, हे फार महत्त्वाचं. या आकड्यावरून मशीनचा कितपत उपयोग होईल याचा अंदाज बांधतात. घरात जी भाषा बोलतो तिच्यातच ही तपासणी व्हायला हवी. मराठीच्या याद्या आहेत, मागा.

कणकुंबी_पाऊस

खानापूरच्या ताई, मशीन घेतलंत की सुकवायची डबी आधी घ्या. आमच्याकडे पावसाळ्यात मीठसुद्धा पाझरतं, मशीन कुठलं टिकतंय! सिलिका जेलचे दाणे असलेली डबी मिळते. दाण्यांचा रंग बदलला की ते ओले झाले समजायचं, पाकिटावर रंग दिलेले असतात. रात्री मशीन त्यात. बटणवाली बॅटरी असेल तर ती काढून बाहेर ठेवायची आणि मशीनचं बॅटरीचं दार उघडं ठेवून मशीन डबीत.

आणि चार्जिंगचं घ्यावं की बॅटरीचं हा प्रश्न आमच्याकडे करंटवर अवलंबून. आजीचं बॅटरीवालंच घेतलं. बॅटरीच्या स्टिकरचा रंग लक्षात ठेवला की पुरे : 10 पिवळा, 312 तपकिरी, 13 केशरी, 675 निळा. स्टिकर काढल्यावर एक मिनिटभर हवा लागू द्यायची, मग घालायची.

मलप्रभाकाठ

दवाखान्यात जाऊन आलो. बुरशीच निघाली, दोन्ही कानांत. साफ केलं, थेंब दिले. सगळा बरा झाल्याशिवाय मशीन नाही म्हणाले. तेल बंद करा हे डॉक्टरांनी आईच्या तोंडावर सांगितलं, त्यामुळे माझं काम झालं.

आता दोन शंका. मोल्डचं माप आताच देऊन ठेवू का, म्हणजे तेवढा वेळ वाचेल? आणि जुनं मशीन नव्यात मोडीत घेतो असं दुकानदार म्हणतोय, देऊ का?

ऐकणारी_ताई

माप आता मुळीच देऊ नका. सुजलेल्या कानाचं माप घेतलं तर सूज उतरल्यावर मोल्ड ढिला पडतो, शिट्टी वाजते, आणि ढिला मोल्ड हलून हलून कातडी सोलतो. शिवाय माप घेताना कानात पुटी भरतात, ती आजारी कानात भरायची नसते. तुमच्या बाबतीत उघडा डोम जमला तर मापाची गरजही पडणार नाही. डोमचे तीन-चार आकार असतात, त्यातला बसेल तो. आतली कातडी पूर्ण शांत झाली असं डॉक्टरांनी म्हटलं की मग या वाटेला लागा.

मोडीचं तुम्ही ठरवा. पण ते मशीन परत कानात घालायचं नाही हे नक्की. त्यावर बुरशी असण्याची शक्यता आहे आणि आत बसणारं मशीन पाण्याने धुता येत नाही. नवीन घेतल्यावर डोम ठरावीक काळाने बदलायचा, साधारण दोन-तीन महिन्यांनी, किंवा पिवळट, कडक झाला की त्याआधी. रोज कोरड्या मऊ कापडाने पुसायचा. मशीनला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावायचं नाही. ज्यांचा मोल्ड आहे त्यांनी तो मशीनपासून सोडवून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावा आणि नळीतलं पाणी फुंकणीने काढावं. साबण नीट निघाला नाही तर त्याचीच खाज सुटते, हे रोज बघते मी.

पहिले काही दिवस कानात काहीतरी असल्याची गुदगुली होईल, ती खाज वेगळी. ती हळूहळू जाते. सुरुवातीला थोडा वेळच घाला, मग वाढवा. लाली, पाणी, दुखणं यातलं काही दिसलं तर "सवय होईल" म्हणून थांबू नका.

उद्यमबाग_रिटायर्ड

आणि ट्रायल मागा. बंद खोलीत सगळीच मशीनं छान वाटतात. मी मशीन लावून गणपत गल्लीत ऐन गर्दीच्या वेळी फिरलो, तिथे खरं काय ते कळलं. बाबांना नातीबरोबर बसवा, टीव्ही चालू ठेवून.

चिकोडी_मास्तर

ज्यांना खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी : केंद्र सरकारच्या एडिप योजनेत अपंगत्वाच्या दाखल्यावर आणि उत्पन्नाच्या अटीवर मशीन मिळतं. 60 वर्षांवरच्या गरीब ज्येष्ठांसाठी 2017 पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, तिच्यातही श्रवणयंत्र आहे. 2016 च्या कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत 60 डेसिबल किंवा जास्त घट असेल तर ती अपंगत्वात धरतात. मलप्रभाकाठ यांच्या बाबांचे आकडे त्यात बसतील असं वाटत नाही, पण दाखला डॉक्टर ठरवतात, आपण नव्हे. शिबिरात मशीन घेताना मोल्ड आपल्या कानाच्या मापाचा मिळणार का, तेवढं विचारून घ्या.

चंदगडी_सून

धाग्यात मध्येच घुसते. माझं माहेर बेळगुंदीचं. आईचा कान लहानपणापासून वाहतो. कोरडा झाला म्हणून मशीन घातलं की आठवड्यात परत वाहतो. तिनेही हे आरआयसी घ्यावं का?

ऐकणारी_ताई

बहुतेक नाही. वाहत्या कानात काहीही घातलं तरी तो बंद होतो आणि आणखी वाहतो. आधी पडद्याचं काय ते ईएनटी डॉक्टरांकडून बघून घ्या, शस्त्रक्रियेने कान कोरडा होण्यासारखा आहे का ते विचारा. नसेल तर हाडावाटे आवाज पोचवणारं मशीन असतं. ते पट्ट्याने कानामागच्या हाडावर बसतं, कानाची वाट मोकळी राहते. आतला कान चांगला असेल तरच त्याचा फायदा होतो, म्हणून बोन कंडक्शनची तपासणी झालेला ऑडिओग्राम लागेल. मलप्रभाकाठ यांच्या बाबांसारख्या कानाला ते मी सुचवणार नाही, पण तुमच्या आईच्या बाबतीत विचार करण्यासारखं आहे. ऑडिओग्राम असेल तर नवा धागा काढून त्यात टाका, इथे दोन्ही केसेस एकमेकांत मिसळतील. आकडे टाका, आईचं नाव आणि दवाखान्याचा नंबर झाकून.